चार-दोनचं मीठ

माझ्या लग्नाच्या पत्रिका दोनदा छापाव्या लागल्या. पहिल्या खेपेला सौंसरच्या छापखानेवाल्याने मुहूर्ताची वेळ चुकवली आणि ते लक्षात येईपर्यंत निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. ज्यांना पहिली गेली त्यांच्या घरी दुसरी नेऊन द्यायची आणि हसून विषय संपवायचा, असं बाबांनी ठरवलं. सगळ्यांनी हसून संपवला. कारखान्यातल्या माझ्या सरांनी मात्र दोन्ही पत्रिका टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "यातली खरी कोणती?"

"दुसरी, सर."

"हे पत्रिकेवर कुठं लिहून आहे?"

लिहिलेलं नव्हतंच. "मंग मी पहिली घेऊन सकाळीच मांडवात येऊन बसलो, तं चूक कोणाची?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा पेन उघडून माझ्यापुढे धरला. मी माझ्याच लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात 'ही दुसरी, पहिली रद्द' असं लिहिलं तेव्हा कुठे त्यांनी ती खिशात ठेवली. घरी येऊन सांगितलं तर आईने कपाळाला हात लावला. लग्नाच्या पत्रिकेवर रद्द लिहून घेणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता, आणि मी त्याच्या हाताखाली चार वर्षं काढली होती.

आता माझ्या फोनमध्ये रात्रीतून काहीतरी बदलतं. सकाळी उठून बघावं तर बटणं दुसरीकडे, अक्षरं लहान, आणि खाली एक ओळ: 'किरकोळ सुधारणा केल्या आहेत'. कोणी केल्या, कशासाठी केल्या, आधीचं कुठे गेलं, काही पत्ता नाही. मी चिडतही नाही आता, कंटाळा येतो नुसता. अशा वेळी सर आठवतात. ते असते तर त्यांनी त्या किरकोळ सुधारणावाल्याला समोर बसवलं असतं, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत सुटला नसता.

बोरगावला सुताला रंग देणारा एक कारखाना होता. ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, सौंसरहून स्टाफच्या बसने जायची. सर पांढुर्ण्याहून रोडवेजच्या बसने यायचे, हातात डबा, खांद्याला शबनम, आणि पावसाळा असो नसो बगलेत छत्री. कारखान्यातल्या एकुलत्या एका थंड खोलीत आमचा कॉम्प्युटर होता. हिरव्या अक्षरांचे दोन पडदे, एक खडखडणारा प्रिंटर आणि दाराबाहेर काढलेल्या चपला. कोणत्या रंगछटेला कोणता रंग किती, मीठ किती, पाणी किती गरम, हे काढून देणारा प्रोग्राम सरांनी लिहिला होता. प्रिंटरमधून त्याची चिठ्ठी निघायची, ती रंगारी घेऊन जायचा आणि तसंच्या तसं हौदात टाकायचा. काटोलला आणि आणखी दोन गावांना आमची लहान युनिटं होती. तिथे साधे कॉम्प्युटर होते. प्रोग्राम आम्ही इथे करायचा आणि फ्लॉपीवर घालून तिकडे पाठवायचा.

पाठवायचा, असं मी सहज म्हणते आहे. सरांच्या लेखी ते मुलगी सासरी पाठवण्याइतकं अवघड काम होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे पाय बाई. रोज तू यात दहा गोष्टी बदलशील. ते आपल्या घरातलं आहे. घरात माणूस कसाही फिरते, गाऊनवर फिरते, पायजम्यावर फिरते. पण बाहेर निघाच्या वेळी केस विंचरते का नाही? तसं एक दिवस ठरवाचं, का आता हे असं बाहेर जाऊन राहिलं. त्याले नंबर माराचा. नंबर मारला का मंग त्याले हात लावाचा नाही."

"आणि चूक निघाली तर?"

"तरी नाही. चुकीसाठी पुढचा नंबर असते."

आमच्या यंत्रात एक सोय होती. प्रोग्राममधली एक ओळ जरी बदलली तरी ती जुनी ओळ, नवी ओळ, कोणी बदलली आणि कशासाठी, हे सगळं ती सोय जपून ठेवायची. आणि नंबर मारला की त्या दिवशी प्रोग्राम नेमका कसा होता ते कधीही पुन्हा काढून दाखवायची. सर तिला 'म्हातारी' म्हणायचे. "म्हातारी काही विसरत नाही, अन् कोणाचं ऐकतही नाही," असं ते कौतुकाने म्हणायचे. माझ्याशी वाद झाला की त्यांचं ठरलेलं होतं: "तू नको सांगू, मी नाही सांगत, म्हातारीले विचार." विचारलं की नव्वद टक्के त्यांचंच बरोबर निघायचं, आणि उरलेल्या वेळी ते दिवसभर गप्प असायचे.

ही सवय त्यांच्या नोकरीपुरती असती तर बरं झालं असतं. कॅन्टीनमध्ये चहाचा पहिला घोट घेऊन ते कप खाली ठेवायचे आणि विचारायचे, "हा कालचा चहा नव्हे. काय बदललं यात?" कॅन्टीनवाला आधी भांडायचा. पुढे पुढे त्याने हात टेकले आणि कप ठेवतानाच सांगायला लागला, "साहेब, आज दूध दुसऱ्या गवळ्याचं आहे." सर म्हणायचे, "आता कसं. आता पितो."

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते, पांढुर्ण्याला स्टेशनच्या बाजूच्या गल्लीत. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "हे माझ्या वरणालेही नंबर देतात. लग्नानंतरचं चौथं वरण लय छान होतं म्हणे. आता चौथ्या वरणात मी काय टाकलं होतं, मले का माहीत? तीस वर्षं झाली."

"लिहून नाही ठेवलं, म्हणून तं गेलं ते," सर ताटाकडे बघत म्हणाले. थट्टा नव्हती ती. त्यांना त्या वरणाचं खरंच वाईट वाटत होतं, आणि काकूंना हसू येत होतं.

बाहेर पाठवण्याचा दिवस आला की आमच्या खोलीत सणासारखी गडबड असायची. सर दाढी करून, धुतलेला शर्ट घालून यायचे. फ्लॉपीवर लेबल, लेबलावर नंबर. सोबत एक टाइप केलेला कागद, त्यावर काय काय बदललं ते. फ्लॉपी आणि कागद काकूंच्या स्टीलच्या डब्यात घालायचा, डबा फडक्यात बांधायचा. मग मारोतीला बोलवायचं. मारोती आमचा शिपाई, सावरगावचा. पांढुर्ण्याहून पॅसेंजरने तो डबा काटोलला न्यायचा आणि तिथून पुढच्या युनिटांना. निघण्याआधी सर तो कागद त्याला पूर्ण वाचून दाखवायचे. त्यात त्याला काडीचं कळत नव्हतं.

"वाचा साहेब," तो म्हणायचा, "पण गाडी सुटून राहिली."

"सुटू दे. काय घेऊन जाऊन राहिलास ते माहीत नको तुले?"

तिकडे युनिटांत तो कागद कोणी वाचत नसे. काटोलचा सुपरवायझर त्यावर चहाचा ग्लास ठेवतो, असं मारोतीने एकदा मला हळूच सांगितलं. सरांना मी ते कधी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

आणखी एक नियम होता. पोळ्याच्या आठवड्यात काहीही बाहेर पाठवायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार, म्हणजे अलीकडचं पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव यांची दरवर्षीची दगडफेक, आणि मारोती दरवर्षी सावरगावच्या बाजूने दगड मारायला उभा. एका वर्षी डोक्याला पट्टी बांधून तो तसाच डबा घेऊन निघाला, गाडीत त्याचा डोळा लागला आणि काटोलऐवजी थेट नागपूरला उतरला. डबा गाडीतच राहिला. तो सापडेपर्यंत सरांना अन्न गोड लागलं नाही. तेव्हापासून पोळ्याच्या हप्त्यात नंबर नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि उसंत न घेता पडत राहिला. बोरगावच्या मिठाच्या शेडचं छप्पर गळायचं. मीठ ओलं व्हायचं, आणि ओलं मीठ वजनाला जास्त भरतं. म्हणजे चिठ्ठीत लिहिलंय तेवढं तोलून टाकलं तरी हौदात मीठ कमीच पडायचं आणि सुताला रंग फिका यायचा. जुने रंगारी पावसाळ्यात अंदाजाने ओंजळभर जास्त टाकत. नव्यांना ते ठाऊक नव्हतं. म्हणून सरांनी प्रोग्राममध्येच सोय केली: पावसाचे महिने असले की चिठ्ठीत मीठच थोडं वाढीव छापायचं. बोरगावला त्याचा उत्तम उपयोग झाला. रंगारी खूश, सर खूश.

मग सणासुदीच्या नव्या रंगछटांसाठी चार-दोन, म्हणजे चौथ्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती, हा नंबर निघाला. दाढी, धुतलेला शर्ट, डबा, मारोती, सगळं यथासांग झालं. फक्त ते पावसाळी मीठ काढून घ्यायचं राहिलं. कागदावर त्याचा उल्लेखही नव्हता, कारण सरांच्या डोक्यात ते आपल्या घरातलं होतं, बाहेर जायचं नव्हतंच.

काटोलचं मीठ पक्क्या गोदामात, लाकडी फळ्यांवर, कोरडं ठणठणीत. तिथे तुळशीराम नावाचा रंगारी होता. पूर्वी तो नुसत्या नजरेने रंग द्यायचा. कॉम्प्युटर आल्यावर सुपरवायझरने त्याला बजावलं होतं, डोकं चालवायचं नाही, चिठ्ठीत असेल तेच टाकायचं. त्याने तेच टाकलं. कोरडं मीठ, वर आणखी वाढीव. मीठ जास्त झालं की सूत रंग जास्त ओढतं. आकाशी रंगाचा अख्खा लॉट गडद आणि डागाळलेला निघाला आणि गिऱ्हाइकाने परत पाठवला. चिठ्ठ्या तर संध्याकाळपर्यंत हौदाकाठी भिजून लगदा होत. तुळशीरामच्या म्हणण्याला आधार काही उरला नाही. मिठाचं माप चुकवलं म्हणून चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं.

ही बातमी मारोतीने आणली. सरांनी पूर्ण ऐकली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हातारीला विचारलं. हिरव्या अक्षरांत ओळ आली. मीठ वाढवलं, कोणी, तर खाली सरांचंच नाव, आणि कारण: बोरगावचं मीठ ओलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझंच आहे," ते म्हणाले. मग, "पायजम्यावरच बाहेर गेलो मी."

मी म्हटलं, "सर, काटोलला ट्रंक कॉल लावते. सुपरवायझरला आत्ताच सांगून टाका."

"काय सांगू?"

"की चूक प्रोग्रामची आहे, रंगाऱ्याची नाही."

ते मान हलवत राहिले. "तोंडी सांगतलेल्याले नंबर नसते, बाई. मी एक सांगन, तो दुसरं ऐकन, पुढच्याले तिसरं सांगन. उद्या म्हणन, मले कोणी फोन केलाच नव्हता. चार-तीन काढतो. त्यात सगळं लिहून जाईन. मंग कोणाच्या बापाले नाही म्हणता येणार नाही."

आणि ते कामाला लागले. मीठ नीट करायला एक दुपार पुरली. पण ज्या घाईत ही चूक राहिली तशी दुसरी राहू नये म्हणून त्यांनी एकेक रंगछटा पुन्हा काढून बघायला घेतली. मी रोज विचारायची, सर, फोन? ते रोज म्हणायचे, होतच आलं. तिकडे एक माणूस घरात बसून होता आणि इकडे आम्ही जांभळ्या रंगाचं मीठ तपासत होतो. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांना कळलं. त्यांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, दार लोटून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण कॉम्प्युटर त्यांच्या शब्दावर आला होता. त्यांचं म्हणणं अगदी सोपं होतं. पुढच्या काही दिवसांत हेड ऑफिसचे लोक चौकशीला येणार. ते चार-दोनची फ्लॉपी लावून चिठ्ठी काढून बघतील. काटोलची फ्लॉपी मारोतीकडून परत मागवायची, आणि दुरुस्त केलेला प्रोग्राम नव्या फ्लॉपीवर घालून त्यावर चार-दोनच लिहायचं. चिठ्ठीत मीठ बरोबर निघेल.

"दोनों पे चार-दो लिखा रहेगा," ते म्हणाले. "कौन देखता है?"

"म्हातारी पायन," सर म्हणाले.

म्हातारी कोण ते समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तिच्यातलंही पुसून टाका.

"अन् तुळशीराम?"

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. रंगारी दुसरा मिळेल, ते हिंदीत शांतपणे म्हणाले. पण हेड ऑफिसला कळलं की कॉम्प्युटरनेच माल बिघडवला, तर ही खोली बंद होईल. मग तुम्ही घरी, आणि ही मुलगीही घरी.

बाबा नुकतेच रिटायर झालेले, भाऊ अजून कॉलेजात. मी सरांकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर मी काय मागते आहे ते त्यांना दिसलं असतं. सरांनी चहाचा कप सरळ केला आणि अगदी हळू बोलले.

"साहेब, चार-दोन बाहेर गेला. तो चुकीचा आहे. पण तो तोच आहे. त्याच्या जागी दुसऱ्याले उभं करून मी त्याचं नाव नाही देऊ शकत."

साहेब म्हणाले, विचार करा. सर म्हणाले, केला. आम्ही बाहेर आलो. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, आणि दोन्हींत भीतीच जास्त होती.

चार-तीन तयार झाला तेव्हा नेमका पोळ्याचा आठवडा लागला. मी म्हटलं, सर, या खेपेला तरी नियम सोडा, मी स्वतः नेते डबा. ते म्हणाले, "अन् हरवला तं? साहेब वाटच पाहून राहिले. एकच संधी आहे त्या माणसाले." म्हटलं तर ते बरोबर होतं. मी बसमध्ये बसले आणि सौंसर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. बरोबर असलेल्या माणसाशी भांडण्यासारखं दमवणारं काम नाही.

गोटमार झाली, मारोतीचं डोकं यंदा शाबूत राहिलं, आणि चार-तीन निघाला. सोबतचा कागद मी टाइप केला. सरांनी शब्द न् शब्द सांगितला होता: चार-दोन चुकीचा आहे, त्यातलं मीठ बोरगावच्या पावसाचं आहे, चूक माझी, बिघडलेल्या लॉटमध्ये रंगाऱ्याचा दोष नाही. खाली पूर्ण नाव आणि सही. कागद सगळ्या युनिटांना गेला आणि एक पोस्टाने हेड ऑफिसलाही. चौकशीच्या लोकांना करायला काही उरलंच नाही. तुळशीराम कामावर परत आला.

खोली बंद झाली नाही. ती नागपूरहून आलेल्या एका हुशार मुलाला मिळाली, आणि मी त्याच्या हाताखाली राहिले. तो सगळ्या फ्लॉप्यांवर नुसतं 'नवीन' असं लिहायचा. सरांना स्टोअरला टाकलं. रंगाचे डबे, सोडा आणि मिठाची शेड. मला वाटलं, हा अपमान त्यांना सोसणार नाही. ते म्हणाले, "बरं झालं. छप्पर तं दुरुस्त करून घेतो." आणि महिन्याभरात घेतलंही.

दिवाळीनंतर मी डबा खायला त्यांच्याकडे स्टोअरमध्ये गेले होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, नखं निळी पडलेली. तो तुळशीराम होता. सरांनी लगबगीने स्टूल पुढे केलं. तो बसला नाही.

"लोक म्हनतात, साहेबाच्या पाया पड," तो म्हणाला. "तुमच्याच कागदानं वाचलो मी, ते मले मान्य आहे. पन एक इचाराचं होतं. तुमाले कवा कळलं?"

सर म्हणाले, "तुले घरी बसवलं, त्याच हप्त्यात."

"त्याच हप्त्यात."

"हो."

"मंग एक फोन कायले नाही केला, साहेब?"

तुळशीराम आवाज न चढवता सांगत राहिला. त्याच्या मुलीची सोयरीक नरखेडला ठरली होती. पोळा झाला की साखरपुडा करायचा होता. बाप घरी बसलेला दिसला, काटोलची बातमी नरखेडला जायला काय लागतं, त्या लोकांनी पोळ्याच्या आधीच निरोप पाठवला. "तुमचा कागद पोळ्यानंतर आला," तो म्हणाला. "चांगला होता कागद. म्या कोनाकडून तरी वाचून घेतला."

मी पोळी हातात धरून तशीच बसले होते. रोज विचारलेला माझा तो प्रश्न तिथे सगळ्यांच्या मधोमध पडून होता, आणि तो मला नको झाला होता.

सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "त्यायचं घर नरखेडले कोणत्या बाजूले आहे?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मुलीच्या लग्नाची गोष्ट, नुसते पुरुष कसे जातील, म्हणून काकू आल्या, आणि "तू सगळं पायलं आहे" म्हणून सरांनी मलाही ओढलं. तुळशीराम काटोलहून आला. मुलाच्या वडिलांची स्टेशनपासून थोड्या अंतरावर संत्र्याची बाग होती, बागेला लागून घर. त्यांनी आमची चांगली सरबराई केली. पाणी दिलं, सतरंजी घातली, चहा सांगितला.

सर बोलायला लागले. कधी नव्हे ते तोंडी. ओलं मीठ, कोरडं मीठ, गळकं छप्पर, चार-दोन, चार-तीन. एक गोष्ट सुटू नये म्हणून ते मागे जायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. कपाळाला घाम आला होता. काकूंनी मध्येच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तरी थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "तं चूक माझी होती. या माणसाची नव्हती."

मुलाच्या वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

"साहेब, तुमी भले मानूस आहा," ते म्हणाले. "इतक्या दूर येऊन आपली चूक कोन सांगते? पन मिठाचं तं आमी काही आयकलंच नव्हतं. आमी एवढंच आयकलं, का याले घरी बसवलं. ते तं खोटं नव्हतं ना?"

"नाही," सर म्हणाले. "बसवलं होतं."

"आता पोराचं मोर्शीकडे जमलं. माघात लग्न आहे." मग जरा अवघडून ते उठले आणि काकूंच्या पिशवीत स्वतःच्या हाताने संत्री भरायला लागले. काकू नको नको म्हणत राहिल्या. पिशवी पूर्ण भरली तरी ते भरतच होते.

नरखेडच्या स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. तुळशीरामची काटोलची गाडी आधी होती, आमची पांढुर्ण्याची नंतर. सर बाकाच्या टोकाला, छत्री मांडीवर आडवी. इतकं म्हातारं मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं. काकू संत्रं सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत होत्या आणि ते फोडी तशाच धरून होते.

गाडीची घंटा झाली तसा तुळशीराम उठला. चालू लागला, थबकला आणि मागे फिरून म्हणाला, "जाऊ द्या साहेब. खरं सांगू, पोरीले तो पोरगा पसंतच नव्हता."

सरांनी झटकन वर बघितलं. चेहरा एकदम मोकळा झाला. "खरंच?"

तुळशीराम क्षणभर रुळाकडे बघत राहिला. सरांना उत्तर कसं लागतं ते त्यालाही एव्हाना कळलं असावं.

"नाही," तो म्हणाला. "तुमाले बरं वाटन म्हून म्हनलं."

सरांनी हळूच मान हलवली. गाडी आली तेव्हा त्यांनी तुळशीरामची पिशवी स्वतः उचलून डब्यात ठेवली, आणि गाडी हलेपर्यंत त्याच्या खिडकीचा गज धरून उभे राहिले.